वेल्सची कोणती छोटी लाइन बघावी? नागपूरकरांसाठी तुलना

लेक-जावई किंवा मुलगा-सून बर्मिंगहॅमकडे असले, की नागपूरचे आई-वडील उन्हाळ्यात महिना-दोन महिने तिकडे जाऊन राहतात. त्यांतल्या ज्यांनी इतवारीहून छोट्या लाइनचा प्रवास केला आहे, त्यांनी स्वयंसेवकांनी चालवलेली वाफेची गाडी बघितल्याशिवाय परत येऊ नये. बर्मिंगहॅमहून वेल्सच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर अशा दोन आहेत: वेल्शपूल-लानव्हायर आणि टॅलिलिन.

एकच दिवस हाताशी असेल, तर मी वेल्शपूल सांगेन. बर्मिंगहॅमहून दीड तासाच्या आसपास पोहोचता येतं. दुसरं कारण आपल्या जिव्हाळ्याचं आहे. या लाइनची रुंदी 762 मिलिमीटर, म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या नॅरोगेजची तीच. आपली छिंदवाड्याची गाडी 2015 मध्ये आणि नागभीडची 2019 मध्ये ब्रॉडगेजसाठी थांबली. तिथली लाइन 1903 ची. तिची प्रवासी गाडी 1931 मध्ये बंद पडली, 1956 मध्ये मालगाडीही गेली, आणि 1963 मध्ये रेल्वेवेड्या लोकांनी ती पुन्हा सुरू केली. ‘अर्ल’ आणि ‘काउंटेस’ ही मूळची दोन इंजिनं 1902 मध्ये मँचेस्टरला बांधलेली. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचं वाफेचं इंजिनही त्याच शहरातलं. वेल्शपूल सोडल्याबरोबर 29 फुटांना एक फूट असा खडा चढ लागतो. इंजिनाचा दम ऐकायचा तर ऑस्ट्रियाहून आणलेल्या डब्यांच्या उघड्या सज्जात उभं राहावं. बाकी वाट शेतं, मेंढ्या आणि ओढा यांच्यामधून जाते. एक अडचण आहे: छोट्या लाइनचं स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या स्टेशनपासून सुमारे दीड किलोमीटरवर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीच करावी.

टॅलिलिनसाठी मात्र रात्रीचा मुक्काम ठेवा. ही लाइन जिथून सुटते ते टाउइन गाव समुद्राकाठी आहे आणि बर्मिंगहॅमहून तिथे जायला वेल्शपूलच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. शिवाय मोठी गाडी वाटेत मॅकन्लेथला दुभंगते, म्हणून आपला डबा टाउइनकडे जाणाऱ्या भागातच आहे ना, हे चढतानाच विचारून घ्यावं. पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी 1860 च्या दशकात ही लाइन टाकली गेली. 1950 मध्ये मालक वारल्यावर ती मोडीतच निघायची, पण त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये सभा भरली आणि 1951 पासून स्वयंसेवकांनी गाडी चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडलं. तेव्हा रूळ गवतात बुडाले होते, स्लीपर कुजले होते, आणि भार मुख्यतः ‘डॉलगॉक’ या जुन्या इंजिनावर होता. ते इंजिन आजही तिथे आहे. डब्यांचे दरवाजे एकाच बाजूला का, हे गार्डला जरूर विचारा. पुलांखाली जागा अपुरी निघाली म्हणून दुसरी बाजू कायमची बंद केली गेली, आणि सगळे फलाट एकाच अंगाला आले. खाणीच्या या परिसराला 2021 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. टाउइनच्या स्टेशनातच नॅरोगेजचं संग्रहालयही आहे.

दोन्हीकडे थोडे पगारी लोक असतात, पण इंजिनात कोळसा टाकणारा, झेंडी दाखवणारा, तिकीट देणारी बाई हे बहुतेक स्वयंसेवकच. त्यांच्याशी बोला, ते मनापासून सांगतात. माझ्या दृष्टीने खरं बघण्यासारखं हेच आहे. विदर्भातही छोट्या लाइनवर जीव लावणारी माणसं आहेत. शकुंतला पुन्हा धावावी म्हणून लोक सतत मागणी करत आले आहेत. मात्र रूळ उखडले जाण्याआधीच ते ताब्यात घेऊन राबायचं कसं, हे टॅलिलिनला समजतं. म्हणून या विषयात खोल शिरायचं असेल तर टॅलिलिन, आणि नातवंडांसह आनंदाचा दिवस हवा असेल तर वेल्शपूल.

एप्रिल ते ऑक्टोबर हा मुख्य हंगाम, पण त्यातही गाडी रोज धावतेच असं नाही. घरून निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघा, शक्यतो शेवटच्या फेरीवर अवलंबून राहू नका, आणि मे-जूनमध्येही स्वेटर-छत्री जवळ ठेवा.