जेन्किन्सवर मराठी डेटाचे जॉब: काही महिन्यांच्या वापरानंतर

जेन्किन्स म्हणजे ठरवलेली कामं (जॉब) आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. आधी सेटअप. नाशिकला अंबडमध्ये एका मशीनवर जेन्किन्सचा कंट्रोलर (मुख्य सर्व्हर) आहे, उबंटू २२.०४ आणि जावा १७ वर. त्याला एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) जोडलेले तीन एजंट (प्रत्यक्ष जॉब चालवणारी मशीन): दोन उबंटू, एक जुना सेंटओएस ७. जॉब साधेच आहेत. बाजारभाव आणि गावनिहाय याद्यांच्या सीएसव्ही मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये भरायच्या, पहाटे अहवाल काढायचे. मजकूर देवनागरी, फाइलींची नावंही देवनागरी. डेटा इंग्रजी असता तर या रिव्ह्यूतलं निम्मं लिहावंच लागलं नसतं.

जेन्किन्स ठेवण्यासारखं आहे. क्रॉनमध्ये (लिनक्सचं वेळेवर काम सुरू करणारं साधन) रात्री काय बिघडलं हे सकाळी उकरत बसावं लागतं. इथे प्रत्येक रनचा लॉग, एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) आणि लागलेला वेळ समोर असतो. पण 'हाताने चालवलं की चालतं, जेन्किन्समधून चालत नाही' ही तक्रार सगळ्यांची असते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्रामला मिळणाऱ्या व्हेरिएबल्समध्ये) सापडतं.

कंट्रोलर एसएसएचने एजंट मशीनवर जातो, रिमोटिंगची (एजंटच्या प्रोग्रामची) जार फाइल एसएफटीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवण्याची पद्धत) तिथे ठेवतो आणि जावाने ती सुरू करतो. हे लॉगिन शेल नव्हे. त्यामुळे .बॅश_प्रोफाइल ही लॉगिनची सेटिंग फाइल वाचलीच जात नाही, आणि उबंटूची .बॅशआरसी शेल इंटरॅक्टिव्ह नाही असं दिसताच पहिल्या काही ओळींतच परत फिरते. शिवाय उबंटूच्या लॅपटॉपवरून एसएसएच केलं की आपला क्लायंट लँग आणि एलसी_ ची भाषेची व्हेरिएबल्स गुपचूप सोबत पाठवतो. जेन्किन्सचा जावातला क्लायंट तसं करत नाही. म्हणून आपल्याला टर्मिनलवर यूटीएफ-८ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) दिसतं आणि जॉबला अनेकदा नुसतं पॉझिक्स लोकॅल (भाषा आणि एन्कोडिंगचं अगदी मूळ सेटिंग) मिळतं.

तपासायचं कसं? नोडच्या पानावर सिस्टम इन्फर्मेशनमध्ये फाइल.एन्कोडिंग आणि सन.जेएनयू.एन्कोडिंग या दोन ओळी बघा. तिथे 'एएनएसआय_एक्स३.४-१९६८' दिसलं तर ते साधं आस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं एन्कोडिंग) आहे, मराठी तिथे टिकणार नाही. मग एका जॉबमधून 'लोकॅल' आणि 'एन्व्ह' चालवा, टर्मिनलवरूनही चालवा, आणि दोन्ही आउटपुट डिफ करून बघा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. नोडच्या ॲडव्हान्स्डमध्ये जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) ऑप्शन्सच्या खान्यात फाइल.एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. एवढ्यावर थांबलात तर फाइलींची नावं आणि जॉबमधून सुरू होणारे इतर प्रोग्राम तसेच राहतात, कारण ते लोकॅलकडे बघतात. म्हणून एजंट सुरू करणाऱ्या कमांडच्या प्रीफिक्समध्ये एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ एक्स्पोर्ट करून पुढे दोन अँपरसँड आणि एक स्पेस द्या. ती स्पेस विसरू नका, मजकूर आहे तसाच कमांडला चिकटतो. नंतर एजंट डिस्कनेक्ट करून पुन्हा लाँच करा. नुसता जॉब पुन्हा चालवून उपयोग नाही, कारण व्हेरिएबल्स एजंटच्या प्रोसेसकडून वारशाने येतात. जावा १८ पासून डीफॉल्ट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ झाला, पण फाइलींची नावं अजूनही लोकॅलवरच चालतात. त्यामुळे 'जावा २१ टाका, सुटाल' हा सल्ला अर्धाच खरा.

एमआर_आयएन (भारतातली मराठी) लोकॅल लावायचा मोह आवरा. क्रमवारी आणि तारखांचं स्वरूप बदलतं, आणि त्या आउटपुटवर ग्रेप करणाऱ्या स्क्रिप्ट बिनबोभाट चुकतात. सेंटओएस ७ वर सी.यूटीएफ-८ नाही, तिथे ईएन_यूएस.यूटीएफ-८ वापरा. (त्या ओएसचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, आमचं मशीन एका जुन्या ड्रायव्हरपायी अडकलंय.) लोकॅल पॉझिक्सच राहिलं तर तिथल्या पायथन ३.६ ला पायथनआयओएन्कोडिंग द्यावं लागतं, आणि ते फक्त इनपुट-आउटपुटपुरतं. ओपन करताना एन्कोडिंग वेगळं लिहावंच लागतं.

पाइपलाइनच्या (पायऱ्या लिहून केलेल्या जॉबच्या) एसएच स्टेपला, म्हणजे शेल कमांड चालवणाऱ्या पायरीला, एन्कोडिंग नावाचं पॅरामीटर आहे. ते दिलं नाही तर नोडचं डीफॉल्ट लागतं. लॉग कंट्रोलरवर यूटीएफ-८ मध्येच साठतो, त्यामुळे लॉगमध्ये कचरा दिसला तर तो एजंटच्या बाजूने आलाय असं समजा. रीडफाइल आणि राइटफाइललाही हेच पॅरामीटर द्या.

आता बिघडलेला मजकूर. कचरा दिसला की आधी तो मोजा. 'नाशिक' या शब्दात न, काना, श, वेलांटी, क असे पाच कोडपॉइंट (युनिकोडचे सुटे घटक) आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ३ बाइट घेतो, म्हणजे १५ बाइट. जावाच्या लॉगमध्ये पाच प्रश्नचिन्हं दिसली तर वाचन बरोबर झालं, लिहिताना आस्कीने घात केला. पंधरा चौकटी किंवा पंधरा प्रश्नचिन्हं दिसली तर वाचतानाच बाइट सुटे पडले. दोन्ही प्रकारांत मूळ मजकूर गेला, स्रोत फाइलीवरून पुन्हा भरा. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए आणि त्याला लागून चलनाचं किंवा येनचं चिन्ह, अशी माळ दिसली तर सुटकेचा श्वास घ्या. यूटीएफ-८ चे बाइट विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचलेत. सोळा-आधारी लिखाणात बाइट ई० म्हणजे तो लॅटिन ए, ए४ म्हणजे चलनचिन्ह, ए५ म्हणजे येन. हे बहुधा उलट फिरवता येतं.

'बहुधा' म्हणण्याचं कारण आहे. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच बाइटना अक्षरच नेमलेलं नाही. नेमका ह्रस्व उकार ८१ वर संपतो, हलंत ८डी वर, देवनागरी ए ८एफ वर, ऐ ९० वर, झ ९डी वर. म्हणून पायथनच्या सीपी१२५२ (विंडोज-१२५२ चंच नाव) ने उलट रूपांतर करणारी स्क्रिप्ट 'नाशिक', 'निफाड', 'चांदवड' वर झकास चालते आणि 'सिन्नर' आला की मोडते. चाचणीसाठी सुरगाणा, सिन्नर, एकलहरे, झोडगे ही नावं ठेवा, ऐ वेगळा तपासा. मायएसक्यूएलचा लॅटिन१ मात्र हे पाच बाइट जसेच्या तसे पुढे नेतो, त्यामुळे तिथेच दुरुस्त करणं सुरक्षित: कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(गाव यूजिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूजिंग यूटीएफ८एमबी४). आधी सिलेक्ट करून डोळ्यांनी बघा, मगच अपडेट करा. जी रांग आधीच बरोबर आहे तिच्यावर हे चालवलं तर तीही जाते.

रिमोटचे बाकीचे अडथळे पटकन सुटतात. .बॅशआरसीमध्ये एखादा एको (मजकूर छापणारी कमांड) असेल तर एसएफटीपी पहिले चार बाइट लांबी समजतो आणि अब्जावधींचा आकडा दाखवून 'मेसेज टू लाँग' म्हणतो. एक्झिट कोड १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, बहुधा पाथ अपुरा. १२६ म्हणजे चालवण्याची परवानगी नाही. १३७ म्हणजे सिगकिल (प्रोसेस सक्तीने मारली); कर्नलचा लॉग बघा, रॅम संपलेली असेल. स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली असेल तर डॉसटूयुनिक्स (ओळींच्या शेवटाची खूण बदलणारं साधन) चालवा, आणि सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंगच्या खुणेचे अदृश्य बाइट) काढा, नाहीतर पहिली ओळच ओळखली जात नाही. 'रॅपर स्क्रिप्ट लॉग फाइलला हात लावत नाही' अशा अर्थाची इंग्रजी तक्रार आली की आधी अपटाइम (मशीन किती वेळ चालू आहे ते) बघा. वीज जाऊन मशीन रीबूट झालेलं असू शकतं.

कंट्रोलरवर एक जुनी सवय मात्र सोडावी लागते. जेन्किन्स २.३३२.१ पासून पॅकेज सिस्टमडीवर (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी यंत्रणा) गेलं, त्यामुळे /ईटीसी/डिफॉल्ट/जेन्किन्समधले जावा ऑप्शन्स वाचले जात नाहीत. 'सिस्टमसीटीएल एडिट जेन्किन्स' करून तिथे लिहा.

जॉबची नावं रोमनमध्येच ठेवा. त्यांचे फोल्डर आणि यूआरएल बनतात, आणि लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे देवनागरीचे ८५ कोडपॉइंट. पानावर मराठी दिसायला डिस्प्ले नेम आहेच.