किनाऱ्यावरच्या गाडीसाठी घरचा प्रेशर वॉशर: वर्षभर वापरल्यानंतर

गाडी चकचकीत दिसावी म्हणून जोराच्या दाबाने पाणी मारणारं हे यंत्र घेणार असाल तर घेऊ नका, तेवढ्याला बादली आणि फडकं पुरतं. रत्नागिरी, गुहागर, मालवण या पट्ट्यात त्याचे पैसे वसूल होतात ते गाडीच्या पोटाखाली. बंदरातून सुटणाऱ्या मासळीच्या गाड्या खारं पाणी रस्त्यावर सांडत जातात. ते उडून मडगार्डच्या आतल्या कडेला बसतं, वर जांभ्याची लाल माती थापली जाते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणच पाणी ओढतं. त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी त्या मातीखालचा पत्रा ओलाच. पावसाने टप धुतला जातो, ही कड नाही.

मशीन १६०० वॅटचं, कार्बन ब्रशच्या मोटारीचं. आवाज कर्कश आहे, पहाटे लावायची सोय नाही. पाणी मिनिटाला सहा लिटरच्या आसपास लागतं, म्हणजे दहा मिनिटांच्या धुण्याला ६० लिटर. २३० व्होल्टला ते ७ अँपिअर ओढतं, तेव्हा ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालवू नये. १६चा पॉइंट, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि २.५ चौरस मिमीची, पूर्ण उलगडलेली एक्स्टेंशन वायर हवी. व्होल्टेज पडलेलं असेल तर मोटार नुसती घुमते आणि तापते; तेव्हा लगेच बंद करावी.

पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, आणि त्याच पाण्याने मीठ धुणं म्हणजे मेहनत फुकट. त्या दिवसांत निदान शेवटचा हात नळाच्या गोड पाण्याचा असावा. विहिरीतली बारीक रेती पंपाचे सील खाते, म्हणून पाणी टाकीत निवळू द्यावं आणि इनलेटची जाळी दर वेळी काढून झटकावी.

धुताना आधी मडगार्ड पाच मिनिटं नुसते भिजवायचे. मग फवारा २५ अंशांत पसरवणाऱ्या नोझलने आतली कड, सस्पेन्शनच्या बैठका, दाराखालची पट्टी, याच क्रमाने. गाडीखाली पाणी मारायला वाकडी नळी मिळते ती घ्यावी. चाकं चिऱ्यावर चढवून गाडीखाली शिरू नये, चिरा सांगून फुटत नाही. वरच्या रंगाला ४० अंशांचं नोझल, एक फूट अंतरावरून. रेडिएटरवर जवळून मारलं तर पत्र्या वाकतात. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, वायरिंगचे कनेक्टर आणि ॲक्सलच्या रबरी बूटची कड यांच्यापासून लांबच राहावं. धुतल्यावर गाडी तशीच लावून ठेवू नका. थोडी फिरवून चार-पाच वेळा ब्रेक दाबा, नाहीतर ड्रम ओले राहतात आणि हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. सपाटीवर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं बरं.

काही कामं या मशीनची नव्हेतच. दारांच्या बुडाची पाण्याची भोकं माती-पानांनी बुजतात आणि दार आतून सडतं. ती प्लास्टिकच्या काडीने मोकळी करायची. वायपरखालच्या जाळीत सुरूच्या काड्या साचल्या की पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं. त्या हातानेच वेचाव्या. सायलेन्सर आतूनही गंजतो, कारण बाजारापुरत्या छोट्या फेऱ्यांत त्यातलं पाणी वाळतच नाही. बाहेरून कितीही धुवा, त्याला फरक पडत नाही.

अँटी-रस्ट कोटिंगची घाईही नको. आधी धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, बॅटरीच्या उजेडात तळ पाहावा. कंपनीचा थर शाबूत असेल तर सुटलेल्या जागाच भरून घ्याव्यात. ओल्या मातीवर किंवा गंजावर काळा थर मारला तर पत्रा आत गुपचूप सडत राहतो, आणि कळतं तेव्हा वेल्डिंगचं बिल आलेलं असतं.

मशीनचे स्वतःचे रोग दोनच. पाणी न सोडता चालू केलं तर पंप कोरडा फिरतो. म्हणून आधी नळ सोडून, ट्रिगर दाबून हवा काढायची आणि मग बटण. दुसरा रोग म्हणजे गनमधली स्प्रिंग आणि जोडण्या गंजतात. काम झालं की दाब सोडून, नळी पूर्ण रिकामी करून, जोडणीतल्या रबरी ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावून मशीन घरात ठेवावं, पडवीत नाही.