निवृत्तांसाठीचा आठ आठवड्यांचा वर्ग: माझा अभिप्राय

बत्तीस वर्षे लेखा विभागात नोकरी करून निवृत्त झाल्यावर दहाव्या महिन्यात मी या वर्गात नाव नोंदवले. आठवड्यातून एकदा दोन तासांचे सत्र, अठरा जणांचा गट आणि दोन मार्गदर्शक असे त्याचे स्वरूप होते. निवृत्तीनंतर जगण्याचा हेतू शोधण्याविषयी आजवर जे ऐकले होते, ते छंद जोपासा आणि प्रवास करा यापलीकडे जात नव्हते. या वर्गाने मात्र मला त्याहून बरेच अधिक दिले.

पहिल्याच सत्रात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६ मध्ये मांडलेले निवृत्तीचे टप्पे समजावून सांगण्यात आले. सुरुवातीला मोकळेपणाचा आनंद, पुढे भ्रमनिरास, मग नव्याने घडी बसवण्याची धडपड आणि शेवटी स्थैर्य असा त्यांचा साधारण क्रम आहे; सर्वांनाच तो याच क्रमाने लागू पडतो असे नाही, हेही मार्गदर्शकांनी आवर्जून सांगितले. माझे पहिले चार महिने मजेत गेले होते, पण त्यानंतर वर्तमानपत्र वाचून संपायचे आणि घड्याळात जेमतेम साडेनऊ वाजलेले असायचे. आपलेच काहीतरी चुकते आहे असे मी मनाशी धरून बसलो होतो. इतरांचेही असेच होते आणि त्याचा कोणीतरी अभ्यास केला आहे, हे कळल्यावर मनावरचे दडपण पुष्कळ कमी झाले.

या वर्गाचे खरे मोल दुसऱ्या सत्रातल्या गृहपाठात आहे. वहीच्या डाव्या पानावर दिवसभरात केलेली कामे आणि उजव्या पानावर त्यातले कोणते काम कोणाच्या उपयोगी पडले, असे सात दिवस लिहायचे होते. पहिले तीन दिवस माझे उजवे पान कोरे राहिले. चौथ्या दिवशी कार्यालयातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. जुन्या हिशेबातला फरक त्याला सापडत नव्हता. वीस मिनिटे बोलून मी त्याला कुठे पाहायचे ते सांगितले. त्या रात्री उजव्या पानावर एकच ओळ लिहिली, आणि ती लिहितानाच मला उमगले की मला खुर्चीची किंवा अधिकाराची उणीव भासत नव्हती. कोणीतरी गुंतागुंतीचा हिशेब घेऊन यावे आणि तो सुटल्यावर निर्धास्त होऊन परत जावे, हे माझ्या आयुष्यातून नाहीसे झाले होते. पुढच्या सत्रात अठराही जणांनी आपली वही वाचून दाखवली. रेल्वेचे सिग्नल सांभाळण्यात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ म्हणाले, "पहाटे साडेतीनला अजून जाग येते, पण आता आपल्यावाचून काहीच अडत नाही." त्यांच्या बोलण्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

पाचवे सत्र गतायुष्याचा आढावा घेण्याविषयी होते. म्हातारी माणसे जुन्या आठवणींत रमतात हे मन थकल्याचे लक्षण मानले जात असे; रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये ही स्वाभाविक आणि उपयुक्त प्रक्रिया आहे अशी मांडणी केली. हे सत्र अतिशय संयमाने घेतले गेले. आठवणी लिहायला लावल्या, पण त्या वाचून दाखवण्याची सक्ती केली नाही, आणि हा निर्णय मला फार योग्य वाटला.

सहाव्या सत्राने मात्र निराशा केली. 'इकिगाई' (म्हणजे जगण्याचे कारण) म्हणून चार वर्तुळांची आकृती दाखवून ती प्राचीन जपानी परंपरा असल्याचे सांगण्यात आले. वस्तुतः उद्देशाविषयीच्या आधीच्या एका आकृतीला हे नाव २०१४ मध्ये मार्क विन या ब्लॉगलेखकाने जोडले. तिच्यातले एक वर्तुळ तर 'ज्यासाठी तुम्हाला पैसे मिळतील' असे आहे. पगार नुकताच थांबलेल्या माणसाला ते काय उपयोगी पडणार? जपानी बोलण्यात या शब्दाचा आशय पुष्कळ साधा असतो, रोजच्या लहानसहान गोष्टींतही तो सापडू शकतो. तेवढेच सांगितले असते तर आमच्या वह्यांशी त्याचा थेट संबंध लागला असता.

याहून गंभीर उणीव म्हणजे घरी आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांना या वर्गात जवळजवळ जागाच नव्हती. गटातल्या एका बाईंचे उजवे पान रोज गच्च भरलेले असे आणि त्या पार थकून गेलेल्या असत. उपयोगी पडण्याची त्यांना ददात नव्हती; त्यांना हवी होती विश्रांती आणि स्वतःसाठी एखादा तास. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी काम आणि प्रेम यांच्याबरोबरच न टळणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो, यातही जीवनाचा अर्थ सापडतो असे मांडले आहे. या विषयाला एक स्वतंत्र सत्र द्यायला हवे होते, पण तो दहा मिनिटांत उरकला गेला. पैशांच्या नियोजनाचे सत्र ठीकठाक होते.

निवृत्तीच्या आधी किंवा लगेच हा वर्ग लावू नये असे माझे मत आहे. रिकामपण थोडे अनुभवल्याशिवाय वहीतले कोरे पान काही सांगत नाही. सहा महिने ते वर्षभर गेल्यावर मात्र जरूर जावे. नाव नोंदवण्यापूर्वी गट किती जणांचा आहे हे अवश्य विचारावे, कारण वीसपेक्षा जास्त माणसे असतील तर वह्या वाचून व्हायच्या नाहीत. मी आता आठवड्यातून दोनदा सकाळी वाचनालयात बसून लोकांना अर्ज आणि हिशेब समजावून देतो. सिग्नलवाले गृहस्थ तिथेच पहाटेची अभ्यासिका उघडण्याचे काम पाहतात. परीक्षेची तयारी करणारी मुले पाच वाजता दारात त्यांची वाट पाहत उभी असतात.