‘स्पिअरहेडेड’चे ४,७९९ रुपये

आमच्या सेलूकडं बायोडाटा म्हटलं की आधी लग्नाचा. गोत्र, उंची, मामाचं गाव. नोकरीचा वेगळा असतो, त्याला रेझ्युमे म्हणतात आणि त्यातले शब्द विकणारी माणसं ऑफिस थाटून बसलेली असतात, हे मला संभाजीनगरात कळलं. कळायला ४,७९९ रुपये लागले.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. वाळूज एमआयडीसीत एका छोट्या व्हेंडरकडं दोन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. बुश आणि पिना तपासायच्या, रिजेक्ट नग लाल ट्रेमध्ये टाकायचे, रजिस्टरला चढवायचे. ऑर्डरी घटल्या तशी कंत्राटावरची पोरं कमी झाली, त्यात मीही. रूमवर बसून पन्नासेक ठिकाणी अर्ज टाकले. फोन एकाचाही नाही. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात आली: तुमचा रेझ्युमे कंपनीचं सॉफ्टवेअरच फेकून देतंय, फक्त ४९९ मध्ये तपासून घ्या.

जालना रोडवरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. काचेचं दार, एसी, पाण्याची बाटली. मॅडमनी लाल पेन घेऊन माझ्या कागदावर पाच ठिकाणी गोल केले. पाचही ठिकाणी मी ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ लिहिलेलं. म्हणाल्या, “सर, ही तुमच्यावर असलेली जबाबदारी झाली. तुम्ही केलं काय, ते यात कुठंय?”

हे अगदी बरोबर होतं, आजही म्हणतो. आणि इथंच मी अडकलो. पहिला नग ओके निघाला म्हणून अख्खा लॉट पास केला, तेही तपासणीचंच काम करणाऱ्या माणसानं.

मग त्यांनी स्क्रीनवर माझा ‘एटीएस स्कोअर’ दाखवला, लाल अक्षरात ३८. एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवून चाळून देणारं सॉफ्टवेअर. ते खरंच असतं, मोठ्या कंपन्या वापरतात. पण सगळीकडं चालेल असा एकच स्कोअर कुठंच नसतो. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, प्रत्येक जागेसाठी शोधायचे शब्द वेगळे. तो ३८ त्यांच्याच वेबसाइटनं काढलेला. २,५०० भरून ‘पॉवर वर्ड्स’ घेतले तर ७४ झाला, वर १,८०० भरून ‘प्रीमियम कीवर्ड’ घेतले तर ९६. त्यातले २,५०० बापूंनी सोयाबीनच्या पट्टीतून पाठवले होते. फोनवर एवढंच म्हणाले, “शब्दाचे पैसे देलास का? बरं.”

आलेला रेझ्युमे दिसायला लग्नपत्रिकेसारखा. दोन रकाने, निळी पट्टी, कौशल्याचे ठिपके. पहिलंच वाक्य ‘स्पिअरहेडेड एंड-टू-एंड क्वालिटी ट्रान्सफॉर्मेशन’, म्हणजे दर्जा सुधारायच्या अख्ख्या कामाचं नेतृत्व मी केलं. त्याखाली ‘लेव्हरेज्ड सिक्स सिग्मा’ (दोष कमी करायची पद्धत, तिच्या प्रशिक्षणाच्या पायऱ्यांना बेल्ट म्हणतात), ‘कॅलिब्रेटेड प्रिसिजन इन्स्ट्रुमेंट्स’ (मापाची साधनं अचूक माप देतात का ते पडताळलं), ‘रिड्यूस्ड रिजेक्शन बाय ४० परसेंट’. मी विचारलं, हे ४० कुठून आलं? “सर, नंबर असला की इम्पॅक्ट येतो.” मी गप्प बसलो. खरं सांगतो, वाचून मलाच माझा अभिमान वाटला होता.

महिन्याभरानं शेंद्र्याच्या एका कंपनीत मुलाखत मिळाली, तीही जुन्या सुपरवायझरच्या ओळखीनं. समोरचे साहेब पन्नाशीचे, बोटाला ऑइलचे डाग. त्यांनी कागद वरून खाली वाचला.

“कॅलिब्रेशन तुम्ही स्वतः करायचात?”

“नाही सर. गेज बाहेरच्या लॅबला जायचे. मी ड्यू डेटचं रजिस्टर ठेवायचो.”

“मग ‘कॅलिब्रेटेड’ का लिहिलंय? बरं, सिक्स सिग्माचा कुठला बेल्ट?”

माझ्या डोळ्यांपुढं लेथ मशीनचा बेल्ट आला.

“रिजेक्शन ४० टक्के कमी केलं. आधी किती होतं, नंतर किती झालं?”

कपाळाला घाम. साहेबांनी ड्रॉवरमधून दुसरा रेझ्युमे काढून माझ्यापुढं सरकवला. मुलगा औशाचा, काम पॅकिंगचं, पहिलं वाक्य तेच. स्पिअरहेडेड. निळी पट्टीसुद्धा तीच.

सगळ्यात वाईट पुढंच आहे. त्यांनी मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला, मी ०.०१ मिलिमीटर सांगितला. व्हर्निअरचा ०.०२. ड्रॉइंग पुढं केलं, तेही वाचलं. त्यांची मान हलली, पण म्हणाले, “काम येतंय तुम्हाला. पण कागदावरच्या माणसाला मी घेऊ शकत नाही.”

रात्री रूमवर ती फाइल उघडून सगळा मजकूर सिलेक्ट केला. जिथं पांढरी जागा होती तिथंही निळं उमटलं. नोटपॅडमध्ये चिकटवलं तर दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत घुसलेल्या आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्द: सॅप, पीएलसी, ब्लॅक बेल्ट. यातलं मला काहीच येत नाही. माझ्या नावावर, माझा मोबाइल नंबर वर छापून, ते महिनाभर कंपन्यांकडं जात होतं. तुम्ही कुणाकडून करून घेतला असेल तर आजच हे करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

ऑफिसला फोन केला तर म्हणाले, ६,००० सिक्युरिटी भरा, मुलाखत नाही थेट जॉइनिंग लेटर देतो. तेवढं मात्र भरलं नाही. पैसे परत मागितल्यावर नंबर ब्लॉक. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, पण पैसे जाऊन महिना उलटला होता. पैसे गेल्या गेल्या त्या नंबरवर फोन करावा लागतो, तरच पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यात म्हणाले, त्यांनी कागद तर दिलाय ना, मग ग्राहक तक्रारीत जा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन लावला, तिथंही नोंद झाली. या धंद्याची खुबीच ही आहे की ते काहीतरी देतात.

आता रेझ्युमे मीच लिहिलाय, एकाच रकान्यात, साध्या अक्षरांत. लिहिताना आठवलं: आमच्याकडं रिजेक्शन जास्त यायचं ते टूल बदलल्यानंतरच्या नगांत. मी ते रजिस्टरमधून सुपरवायझरला दाखवलं आणि टूल बदललं की पहिले ५ नग तपासायची पद्धत सुरू झाली. शिफ्टला १८-२० रिजेक्ट व्हायचे ते ७-८ वर आले. हिशेब केला तर हे ४० टक्क्यांपेक्षा जास्तच भरतं! त्या बाईंनी एवढं विचारलं असतं तर खोटं लिहायची गरजच नव्हती. आता ओळ अशी आहे: टूल बदलानंतरची तपासणी सुचवली, शिफ्टचं रिजेक्शन १८-२० वरून ७-८ नगांवर आलं. इंग्रजीत ‘इन्स्पेक्टेड’, ‘रेकॉर्डेड’, ‘रिड्यूस्ड’ एवढीच क्रियापदं. जालन्याच्या एका स्टील कारखान्यातून परवा फोन आला, पहिला प्रश्न त्याच ओळीवर होता. पंधरा मिनिटं त्यावरच बोललो. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

४,७९९ मधला एक रुपया परत आलेला नाही. दोन तक्रार क्रमांक आहेत. ते बापूंनी माझ्याकडून मागून घेतले आणि पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, सोयाबीनच्या हिशेबाखाली, ‘येणे बाकी’मध्ये.