गुलाब टिकवायची पावडर: साडेतीन स्टार

आईच्या वाढदिवसाला मार्केटयार्डातून डच गुलाबाची गड्डी आणली, 20 दांड्या. दरवेळी तिसऱ्या दिवशी माना टाकतात म्हणून यंदा ऑनलाइन ती फ्लॉवर फूडची पावडर मागवली, 10 पुड्या, एक पुडी एक लिटर पाण्याला.

पहिल्यांदा हौसेनं आजीच्या पितळी तांब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी बघते तर तांब्या आतून डागाळलेला. पावडर आंबट असते ना, सायट्रिक ॲसिड, धातूचं भांडं नकोच, पण हे पुडीवर लिहायला काय झालं होतं यांना? आत काय काय आहे तेही धड लिहिलेलं नाही. साधारण साखर, ॲसिड आणि जंतू मारायचं काहीतरी एवढंच असतं. साखर फुलाला, ॲसिडनं पाणी दांडीत नीट चढतं आणि तिसऱ्यानं पाणी बुळबुळीत होत नाही. म्हणून नुसती साखर घातली की उलटंच होतं, जंतूंचीच पार्टी.

मग काचेच्या दोन बरण्या घेतल्या, 10 दांड्या पावडरमध्ये, 10 साध्या पाण्यात. साध्यातल्या चौथ्या दिवशी मलूल, पावडरवाल्या आठव्यापर्यंत टिकल्या आणि मुख्य म्हणजे कळ्या पूर्ण उमलल्या, नाहीतर आमच्याकडे अर्ध्या मिटलेल्याच वाळतात. म्हणजे काम करते, खोटं कशाला बोलू.

पण नुसत्या पावडरवर भरवसा ठेवू नका हां. बरणी साबणानं घासलेली हवी, पाण्यात बुडणारी पानं काढायची, दांडी धारदार सुरीनं तिरकी कापायची (कात्रीनं चेपते) आणि जमलं तर पाण्यातच कापायची, कारण दांडीत हवा अडकली की पाणी वर चढत नाही आणि मान वाकते. एक वाकलेलं फूल मी परत कापून, पेपरात सरळ गुंडाळून बादलीत तासभर बुडवून ठेवलं तर चक्क उभं राहिलं! आणि मे महिन्यात आंब्याच्या पेटीशेजारी अजिबात ठेवू नका, पिकत्या आंब्यातून इथिलीन निघतं, त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात. आमच्या हॉलमध्ये दुसरी जागाच नव्हती, शेवटी बरणी बाथरूमबाहेरच्या कट्ट्यावर गेली.

आईचं मत वेगळंच, म्हणे आठ दिवस टिकून उपयोग काय, वास कुठाय याला, त्यापेक्षा कुंडीतला गावठी बरा.

दीड स्टार कापला तो तांब्यासाठी. चिंच लावून घासतेय अजून.