शोपाँच्या स्वप्नात पस्तीस तास

आठ वर्षं शिकून मी पियानो सोडला, तेव्हा स्टँडवर पोलिश संगीतकार शोपाँचा 'रेव्होल्युशनरी' एत्यूद (सरावासाठीची रचना) होता. त्यातली डाव्या हाताची धावपळ मला कधी झेपलीच नाही. त्यामुळे 'इटर्नल सोनाटा' हा व्हिडिओ गेम सुरू करताना मनात थोडी खुन्नस होती. खुद्द शोपाँ या गेमचा नायक, आणि तो म्हणे बॅटन (वाद्यवृंद संचालकाची छडी) घेऊन राक्षसांशी लढतो!

लढतो खरा. ट्राय-क्रेसेंडो या जपानी कंपनीचा हा गेम २००७ साली एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलवर आला. जपानात त्याचं नाव 'ट्रस्टी बेल'. मी खेळले ती नंतरची प्लेस्टेशन ३ वरची आवृत्ती. गोष्ट अशी: ऑक्टोबर १८४९, पॅरिस. ३९ वर्षांचा शोपाँ मरणपंथाला लागलाय आणि त्याला एक स्वप्न पडतंय. स्वप्नातल्या मुलीचं नाव पोल्का. बाकीची मंडळी आलेग्रेत्तो, बीट, व्हायोला, साल्सा. अख्खं संगीताचं परिभाषेचं पुस्तक पाठीवर पिशव्या टाकून निघालंय असं वाटतं. पहिले दोन तास मला हसू आवरेना, मग सवय झाली.

प्रकरणांना शोपाँच्या रचनांची नावं आहेत. मध्येच खेळ थांबतो, युरोपातल्या खऱ्या जागांचे फोटो येतात, शोपाँच्या आयुष्याबद्दल चार ओळी येतात आणि पियानो सुरू होतो. वाजवणारा स्तानिस्लाव ब्यूनिन, १९८५च्या वॉर्सातल्या शोपाँ पियानो स्पर्धेचा विजेता. जपानमध्ये तेव्हा त्याची प्रचंड क्रेझ होती, त्यामुळे ही निवड तिथल्या लोकांना वेगळी समजावून सांगावी लागली नसणार.

'रेनड्रॉप' प्रेल्यूडला (ही शोपाँची छोटी पियानो रचना) मी पहिल्यांदा कंट्रोलर खाली ठेवला. सुरुवातीला डाव्या हातात ए फ्लॅट हा एकच सूर ठिबकत असतो, सुरावट वर चालू. मग रचना सी शार्प मायनर या स्केलमध्ये शिरते. तीच काळी पट्टी आता जी शार्प म्हणवते, ठिबकणं उजव्या हाताकडे जातं आणि सुरावट खाली खर्जात उतरते. ब्यूनिन तिथे आवाज वाढवत नेतो, पण घाई करत नाही. मी त्या जागी नेहमी पळायचे. पियानोच्या बाई ओरडायच्या.

लढायांचं डोकं चांगलं चालवलंय. पात्र उजेडात उभं आहे की सावलीत, यावर त्याचे खास हल्ले ठरतात. काही शत्रूंचं तर रूपच बदलतं. शिवाय गटाची पातळी वाढली की विचार करायला मिळणारा वेळ कमी होत जातो. लय मोजणाऱ्या मेट्रोनोमचा काटा दर आठवड्याला दोन घरं पुढे सरकवणाऱ्या बाई पुन्हा आठवल्या. लढायांचं संगीत मोतोई साकुराबा यांचं. ते वाद्यवृंदाचं आणि दणदणीत आहे, शोपाँची नक्कल करायच्या फंदात पडत नाही. हे शहाणपणाचं.

एक गंमत. बीट लढाईत फोटो काढतो आणि ते विकता येतात. मी एवढे विकले की पुढे पैशांची चिंताच उरली नाही. हे बहुधा गेम बनवणाऱ्यांच्या हिशोबात नव्हतं.

तक्रारी आहेतच. रस्ते देखणे, पण बहुतेक सरळसोट, भटकायला वाव कमी. पात्रं फार बोलतात, आणि शेवटाकडे तर जगणं-मरणं यावर अशी प्रवचनं सुरू होतात की मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. जे 'रेनड्रॉप'ने चार-पाच मिनिटांत न बोलता सांगितलं होतं, त्यासाठी एवढे शब्द कशाला?

पाचात साडेतीन. अर्धा गुण निव्वळ ब्यूनिनचा.

'रेव्होल्युशनरी' आला तेव्हा डावा हात मांडीवर आपोआप चालायला लागला. चौथं बोट जिथे अडखळायचं, तिथेच अडखळलं.