कागदावर सव्वातीन किलोवॅट, गच्चीवर दोन

औसा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींच्या गच्चीवर सोलर बसलं, त्याला वर्ष होत आलं. कोटेशनवर 540 वॉटचे सहा पॅनल, म्हणजे 3.24 किलोवॅट. मराठवाड्यातल्या उन्हात एवढ्या संचानं वर्षाची सरासरी धरून रोज 12-13 युनिट द्यायला पाहिजेत. हा देतोय 8. गुत्तेदाराचं उत्तर तयार होतं: "धूळ बसली असंल गुरुजी, पुसून घ्या." पुसल्यावर 8 चे साडेआठ झाले.

धूळ खरंच युनिट खाते, पण एक तृतीयांश नाही. मे महिन्यात तापलेला पॅनलही कमी देतो. चांगल्या पॅनलची ताकद 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के घटते. पॅनल 65 अंशांवर गेला की 14 टक्के गेले. हे कारण गुत्तेदार हमखास पुढं करतो. पण मग जानेवारीतही आकडा तोच कसा?

शेवटी गच्चीवर टेप लावली. 540 वॉटचा पॅनल साधारण 2278 मिलिमीटर लांब आणि 1134 रुंद असतो, म्हणजे साडेसात फूट बाय पावणेचार फूट. हे निघाले 1956 बाय 992. हे माप 72 सेलच्या जुन्या, 330-335 वॉटच्या पॅनलचं. रंगही निळसर, ठिपकेदार. 540 चा मोनो (एकसंध स्फटिकाच्या सिलिकॉनचा) पॅनल काळपट असतो आणि मधोमध आडवी फट दिसते. मागं 540 चं स्टिकर जरा तिरकं चिकटवलेलं होतं. त्याची कड नखानं उचलली तर खालून जुन्या स्टिकरवरचा 335 मधला शेवटचा 5 डोकावला. सहा गुणिले 335, म्हणजे 2010 वॉट. सव्वातीनचे पैसे, दोनाचा माल.

टेप नसली तरी इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारा डबा, खोटं बोलत नाही. त्याच्या पडद्यावर डीसी व्होल्टेज आणि करंट दिसतो. 540 चे सहा पॅनल एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडलेले असतील तर स्वच्छ आभाळात भर दुपारी करंट 10-12 अँपिअरपर्यंत जातो. 335 चा पॅनल भर उन्हातही 9 च्या आसपासच अडकतो, त्याला पुढं जाताच येत नाही. इथं वर्षभरात 9 ओलांडले नव्हते. मोबाईल ॲपवर हे सगळं घरबसल्या दिसलं असतं, पण ॲपचा लॉगिन गुत्तेदारानं स्वतःकडंच ठेवलेला. संच सुरू होईल त्याच दिवशी तो मागून घ्या, नाहीतर आपल्याच छताचा हिशेब दुसऱ्याच्या खिशात राहतो.

अनुदानाचीही गंमतच झाली. घरावरच्या सोलरसाठी असलेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. ते फक्त ग्राहकाच्या बँक खात्यात येतात, तेही नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर) लागून संच रीतसर चालू झाल्याची नोंद झाल्यावर. "अनुदान आमच्याकडं येईल, आम्ही बिलातून वजा करू" असं कुणी म्हणालं की तिथंच चहा संपवून उठावं. शिवाय पॅनल डीसीआरचा लागतो, म्हणजे आतले सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. तो महाग पडतो, म्हणून कागदावर डीसीआरचे नंबर आणि छतावर भलतेच पॅनल, ही जुनी चलाखी. काचेच्या आत छापलेला बारकोड हा खरा नंबर. मागचं स्टिकर बदलता येतं, काचेखालचं नाही.

नंबर पाहायचे तर पॅनल भिंतीला टेकून उभे असतानाच. एकदा सांगाड्यावर चढले की खाली वाकून टॉर्च मारत बसावं लागतं. सहाही नंबरांचे फोटो काढा आणि बिलावर कंपनी, वॉट व हे नंबर लिहून घ्या. गुरुजींच्या बिलावर काय होतं? "सोलर सिस्टिम, 1 सेट."

पैशाचा क्रमही उलटा पडला. माल यायच्या आधीच बहुतेक रक्कम गेली. इसार 10 टक्क्यांच्या वर देऊ नये. मोठी रक्कम नंबर जुळल्यावर आणि निदान 20 टक्के नेट मीटर लागल्यावर. कर्ज काढलं असेल तर काम पूर्ण झाल्याच्या कागदावर आधीच सही करू नका. त्या सहीवर बँक थेट गुत्तेदाराला पैसे सोडते.

नेट मीटर लागायच्या आधी संच चालू करणं हा वेगळाच फटका. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर जाणारी वीजही आत आलेली म्हणूनच मोजतात. रोज 8 युनिट तयार झाले, घरात दिवसा 2 लागले, तर उरलेले 6 बिलात चढतात. महिन्याला 180. दोन महिने बिल उतरायच्या ऐवजी चढत गेलं, तरी गुत्तेदार म्हणायचा, "सेटल व्हायला वेळ लागतो."

आणखी दोन थापा. "लाईट गेली तरी घर चालू": साधा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाईनला जोडलेला संच लाईट गेली की स्वतःच बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते मुद्दाम तसं केलेलं असतं. "बिल शून्य": स्थिर आकार तरीही भरावाच लागतो.

अर्थिंगचे तीन खड्डे बिलात होते: डीसी, एसी आणि वीजरोधकाचा. जागेवर एकच लोखंडी सळई, काळ्या मातीत दोन फूट. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, सळईभोवती पोकळी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. डीसी वायर 4 चौरस मिलिमीटरची, कलई केलेल्या तांब्याची सोलर केबल हवी. इथं घरगुती वायरिंगची होती, वरचं आवरण आत्ताच तडकलंय.

तक्रार योजनेच्या पोर्टलवर आणि महावितरणच्या उपविभागात लेखी द्या, पोच घ्या. ग्राहक हेल्पलाईन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बनावट वेबसाईटवर पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता सायबर हेल्पलाईन 1930.

गुत्तेदार आता "पॅनल बदलून देतो, जुने उतरवून ठेवा" म्हणतोय. गुरुजींनी सध्या एकालाही हात लावू दिलेला नाही. त्या तिरक्या स्टिकरचा पंचनामा अजून व्हायचाय.